खंडणी देणाऱ्याची बाजू

एखाद्या मुलीचे फोटो पसरवण्याची धमकी देऊन कुणी तिच्याकडून पैसे उकळतो. एखादा दुकानदार गल्लीतल्या टोळीला महिनोन्‌महिने हप्ता देत राहतो. एखादा निवृत्त गृहस्थ व्हिडिओ कॉलवरच्या तोतया पोलिसाला घाबरून आयुष्यभराची पुंजी पाठवून देतो. असे प्रकरण उघडकीला आले की घरात, पोलीस चौकीत आणि शेजारीपाजारी पहिला प्रश्न एकच निघतो : पण पैसे दिलेच कशाला? हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो, असे माझे ठाम मत आहे. ‘ब्लॅकमेल’ हा शब्द ज्या मुलखात जन्मला तिथेही चारशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला गेला होता. त्यावर कायदा झाला होता आणि त्या कायद्याने घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही फासाच्या दोरापाशी उभे केले होते. म्हणून या शब्दाचा इतिहास जरा सविस्तर सांगावासा वाटतो.

ब्लॅकमेलमधल्या ‘मेल’चा टपालाशी काही संबंध नाही. टपालाचा मेल जुन्या फ्रेंचमधल्या थैलीवाचक शब्दावरून आला. पत्रे ज्या थैलीतून जात तिचे नाव पुढे पत्रांनाच चिकटले. चिलखताच्या कड्यांचा मेल आणखी वेगळा, तो जाळीच्या छिद्राला लॅटिनमध्ये जो शब्द होता त्याच्या वंशातला. ब्लॅकमेलमधला मेल तिसऱ्याच घरचा आहे. उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेत ‘माल’ म्हणजे बोलणे, आणि त्यावरून बोलून ठरवलेला करार. स्कॉटलंडमध्ये त्याचा अर्थ झाला कराराने ठरलेली रक्कम, म्हणजे भाडे. कूळ जमीनमालकाला देई तो मेल. घराचे भाडे मेल, चराईचे पैसेही मेल. रोजच्या व्यवहारातला हा सरळ शब्द. त्याच्यामागे ‘काळा’ हे विशेषण 16व्या शतकात लागलेले दिसते. चांदीच्या नाण्यांत दिलेले भाडे पांढरे आणि गुराढोरांत किंवा धान्यात दिलेले काळे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. आयर्लंडमध्ये इंग्रज वसाहतवाले आयरिश सरदारांना शांततेसाठी जी रक्कम देत तिलाही काळे भाडेच म्हणत. आणि काळा म्हणजे वाईट, हा अर्थ तर लोकांच्या तोंडी आधीपासून होता.

मला या शब्दातल्या रंगापेक्षा त्यातले नाम अधिक बोलके वाटते. त्या लोकांकडे चोरी, लूट, दरोडा यांसाठी शब्दांची वाण नव्हती. तरी या रकमेला त्यांनी भाडे म्हटले. ती दरवर्षी ठरल्या वेळी द्यावी लागे, तिचा दर ठरलेला असे आणि ती दिली तरच जमिनीवर राहता येई. मालकाचे भाडे देऊन झाले की हे दुसरे भाडे. शब्द घडवणारा माणूस देणारा होता, आणि आपण काय देतो आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता तो मुलूख. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधली सरहद्द 13व्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ तीनशे वर्षे लढायांनी होरपळत होती. सैन्य जाताना पिके जाळी आणि येताना गुरे हाकून नेई. उभे पीक हाती लागेल याची खात्री नाही, म्हणून शेतीपेक्षा गुरांवर भर. आणि गुरे रात्रीत पळवता येतात, म्हणून गुरांच्या चोरीवर जगणारी कुळे वाढली. आर्मस्ट्राँग, ग्रॅहम, इलियट, केर, स्कॉट, निक्सन ही त्यांतली गाजलेली नावे. (चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग हेच आडनाव लावत होता. 1972 मध्ये लँगम या सरहद्दीवरच्या गावाने त्याला बोलावून मानाचे नागरिकत्व दिले.) या लुटारूंना रीव्हर म्हणत. शरदाच्या आणि हिवाळ्याच्या लांब रात्री हा त्यांचा हंगाम.

त्या मुलखात कायदा नव्हता असे मात्र नाही. दोन्ही राज्यांनी मान्य केलेले सरहद्दीचे कायदे 1249 पासून होते. प्रत्येक बाजूची सरहद्द पूर्व, मध्य आणि पश्चिम अशा तीन ‘मार्च’मध्ये वाटलेली होती आणि प्रत्येक मार्चवर एक वॉर्डन नेमलेला होता. चोरीला गेलेल्या गुरांचा माग काढत सीमेपलीकडे जाण्याचा हक्क होता; फक्त भाल्याच्या टोकाला जळते ढेकूळ लावून, शिंग फुंकत, कुत्र्यांसह, उघडपणे जायचे, म्हणजे हा माग आहे, दरोडा नाही हे वाटेतल्या गावांना कळे. इतकी बारीक व्यवस्था होती. पण ती चालवणारा वॉर्डन कित्येकदा स्वतःच एखाद्या लुटारू कुळाचा सोयरा किंवा प्रमुख असे, आणि चोराला घोड्यावरून तासाभरात दुसऱ्या राज्यात पोचता येई. एस्क आणि सार्क या नद्यांच्या मधला एक पट्टा तर दोन्ही राज्ये आपला म्हणत आणि दोघांपैकी कुणीच तो सांभाळत नसे. 1552 मध्ये चर खणून आणि बांध घालून त्याची वाटणी झाली, तोवर तो गुन्हेगारांचे माहेरघर होता.

अशा जागी शेतकरी काय करणार? ज्याला परवडे तो जाड दगडी भिंतींचे घर बांधी, खाली गुरे आणि वर माणसे, रात्री शिडी वर ओढून घ्यायची. ज्याला परवडत नसे त्याची माती-गवताची झोपडी. मालकाला भाडे देऊन संरक्षण मिळत नाही, वॉर्डनकडे दाद लागत नाही, राजा दूर. मग तो जवळच्या दांडग्या कुळाच्या प्रमुखाकडे जाई. मी तुला दरसाल इतके देतो. तू मला लुटू नकोस, आणि दुसऱ्या कुणी लुटले तर माझी गुरे परत आणून दे. हाच ब्लॅकमेल.

स्कॉटलंडच्या संसदेने 1567 मध्ये केलेल्या कायद्यात या देणाऱ्यांविरुद्ध तक्रार आहे : आतल्या मुलखातले काही लोक चोरांना ब्लॅकमेल देऊन स्वतःची सुटका करून घेतात आणि शेजाऱ्यांना लुटू देतात. इंग्लंडच्या संसदेने 1601 मध्ये, एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या काळात, याहून पुढचे पाऊल टाकले. कंबरलंड, नॉर्थम्बरलंड, वेस्टमोरलंड आणि डरहॅम या भागांत ब्लॅकमेल घेणे आणि ब्लॅकमेल देणे हे दोन्ही देहदंडाचे गुन्हे ठरवले. त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत एक गोष्ट कबूलही करून टाकली आहे. हे पैसे घेणारे लोक त्या भागातले ‘नाव असलेले’ आहेत आणि उघड लुटारूंशी त्यांची मैत्री व सोयरीक आहे, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे घेणारा कोण हे राज्याला माहीत होते. त्याच्यापर्यंत हात पोचत नव्हता. हात पोचत होता तो पैसे देणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत.

त्या कायद्यामागचा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. देणाऱ्याच्या पैशावर लुटारू पोसला जातो हे खरे आहे. मी पैसे दिले म्हणून माझ्या गोठ्यावर खूण झाली की आज रात्री शेजाऱ्याचा गोठा फुटणार, हेही खरे. खंडणीबद्दल आजही हेच बोलले जाते : एकाने दिली की मागणाऱ्याला चटक लागते, सगळ्यांनी नकार दिला तर धंदाच बसेल. पण सगळ्यांनी एकाच रात्री नकार देण्यासाठी सगळ्यांना एकमेकांचा आणि राज्याचा भरवसा हवा. तो भरवसा असता तर पहिल्यानेच दिले नसते. जो भरवसा राज्याने निर्माण करायचा, तो नसल्याची शिक्षा शेतकऱ्याला देणे मला अन्याय वाटतो.

आणि ब्लॅकमेल थांबले ते त्या कायद्याने नाही. 1603 मध्ये एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. दोन राज्यांमधली सरहद्द एका राज्याच्या मधला प्रदेश बनली. त्याने तिचे नावच ‘मधले परगणे’ ठेवले. पळून जायला दुसरे राज्य उरले नाही. जेम्सने हे काम क्रूरपणे केले. फाशी स्वस्त झाली, ग्रॅहम कुळातल्या लोकांना बायकामुलांसह आयर्लंडला हाकलले. त्या निर्दयतेचे समर्थन मी करणार नाही. तरी एवढे स्पष्ट दिसते की घेणाऱ्याचा आसरा गेला तेव्हा दुसरे भाडे बंद पडले.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात ते आणखी शतकभर चालू राहिले. 1741 मध्ये तिथला गाजलेला बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर याचा पुतण्या, ग्लेनगाइलचा प्रमुख, याने आसपासच्या जमीनदारांशी चक्क लेखी करार केला. मॅकग्रेगर हे नाव लावायला तेव्हा कायद्याने बंदी होती, म्हणून सही जेम्स ग्रॅहम या नावाने. जमिनीच्या ठरलेल्या उत्पन्नावर शेकडा इतके पैसे घेऊन तो गुरे सांभाळणार. चोरीला गेली तर सहा महिन्यांत परत आणणार, नाहीतर किंमत भरून देणार. याच सुमारास सरकारनेही त्या भागात पहाऱ्याची व्यवस्था उभी केली. जनरल वेडच्या हाताखाली 1725 मध्ये स्थानिक तुकड्या भरती झाल्या आणि 1739 मध्ये त्यांची पलटण बनली, तीच पुढे ‘ब्लॅक वॉच’ म्हणून नावाजली. जमीनदार ज्या कामासाठी मॅकग्रेगरला पैसे देत होते, ते काम राज्याने आपल्या अंगावर घ्यायला सुरुवात केली होती.

आपल्या इतिहासाचा या शब्दाशी थेट संबंध इथे येतो. यूल आणि बर्नेल या दोघांनी तयार केलेला अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश, हॉब्सन-जॉब्सन, 1886 मध्ये छापला गेला. त्यात चौथाईचा अर्थ देताना मराठे प्रांतांच्या सुभेदारांकडून, मुलूख लुटीपासून मोकळा ठेवण्याच्या बदल्यात घेत ते ‘ब्लॅकमेल’, असे लिहिले आहे. मराठी वाचकाला हे वाचून राग येतो. मलाही आला होता. पण रागाने उत्तर देण्याआधी तपासून पाहायला हवे, कारण तुलना पूर्णपणे खोटी नाही.

चौथाईचा रिवाज शिवाजी महाराजांच्या आधीपासून कोकणच्या उत्तर टोकाला होता. रामनगरचा कोळी राजा दमणच्या पोर्तुगीज गावांकडून चौथाई घेई. 1672 मध्ये महाराजांनी रामनगर जिंकले आणि तो हक्क आपल्याकडे आला म्हणून पोर्तुगीजांकडे मागणी केली. पुढे 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून शाहू छत्रपतींसाठी स्वराज्याच्या, दक्षिणेतल्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्या सनदांमागच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चौथाईच्या बदल्यात छत्रपतींनी बादशाही कामासाठी 15,000 घोडदळ ठेवायचे. सरदेशमुखीच्या बदल्यात चोरांचा बंदोबस्त करायचा, चोरीचा माल शोधून द्यायचा, न सापडल्यास भरपाई करायची. ग्लेनगाइलच्या करारातली आणि या सनदेतली जबाबदारी जवळजवळ एकच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली ती याच अंगाने. संरक्षणाची हमी आणि तिच्या खर्चाची वसुली, ही कल्पना सव्वाशे वर्षांनी इंग्रजांच्या हाती फळली असे त्यांचे म्हणणे होते.

ते म्हणणे मला पटते, आणि त्याचाच दुसरा अर्धा भागही बोलला पाहिजे. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांची घोडदळे बंगालमध्ये शिरली तेव्हा तिथल्या शेतकऱ्याने ना सनद पाहिली ना घोडदळाचे संरक्षण. कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याला मराठ्यांचेच नाव पडले. 1751 मध्ये अलीवर्दीखानाने दरसाल 12 लाख रुपये चौथाई कबूल केली तेव्हा कुठे स्वाऱ्या थांबल्या. बंगाली अंगाईत आजही बर्गी, म्हणजे मराठ्यांचे घोडेस्वार, येतात आणि आई विचारते, सारा आता कशाने भरू? तिथे चौथाई हे दुसरे भाडेच होते. मराठी माणसाने हे मान्य केल्याने रायगडाची एक वीटही हलत नाही.

मग हॉब्सन-जॉब्सनवर आक्षेप कसला? आक्षेप असा की तो शब्द त्यांनी एकाच दिशेने वापरला. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहावर सही केली. कंपनीची किमान 6,000 पायदळाची फौज कायम सांभाळायची आणि तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. ती फौज ज्या शत्रूंपासून पेशव्याला वाचवणार होती, त्यांत ती फौज पाठवणाऱ्या कंपनीचाही समावेश होता. तैनाती नाकारली तर काय होईल हे प्रत्येक दरबाराला ठाऊक होते. इंग्रजी इतिहासात याला तह म्हणतात. चौथाईला ब्लॅकमेल म्हणणाऱ्याने यालाही तेच म्हटले असते, तर माझे काही भांडण नव्हते.

या सगळ्या गदारोळात एक माणूस कोशातही नाही आणि तहातही नाही : रयत. दक्षिणेत एका गावातून मोगलांचा आमिल वसूल घेई आणि मराठ्यांचा कमाविसदारही घेई. त्याला दुअमल म्हणत. दोघांकडेही कागद होता. आपल्या घोड्यांना दाणा कोण देतो याचा विचार दोघांपैकी कुणी केला असेल तो असो, पण दुष्काळात दोन्ही दारांवर जाऊन सूट मागणारा पाटील एकच होता. चौथाई न्याय्य की अन्याय्य हा वाद आपण नेहमी घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून घालतो. देणाऱ्याच्या अंगणात उभे राहिले तर प्रश्न सोपा होतो. पैसे घेणाऱ्याने संरक्षण दिले का, नुकसान भरून दिले का, आणि त्याने शब्द पाळला नाही तर दाद मागायला कुणी होते का? या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तर तो कर आहे, मग तो कुणीही घेवो. नसतील तर ते दुसरे भाडे आहे, मग त्यावर कुणाचीही मोहोर असो.

मराठीत याच वाटेने गेलेला शब्द आहेच. खंड म्हणजे जमिनीचे ठरवून दिलेले भाडे. नगरकडे खंडकरी शेतकऱ्यांच्या लढ्यामुळे तो अजून जिवंत आहे. खंडणी त्याच कुळातली. बखरींत मांडलिक राजे खंडणी भरतात आणि त्यात कुणाला गुन्हा दिसत नाही. आज वर्तमानपत्रात खंडणी म्हटले की पोलीस, टोळी आणि बिल्डर डोळ्यांपुढे येतात. नॉर्समधल्या ‘माल’ या शब्दासारखेच इथेही ठरलेल्या बोलीतून भाडे आले आणि भाड्यातून गुन्हा. दोन्ही भाषांत समाजाला अनुभव सारखा आला असावा : ठरवून देणे आणि घाबरून देणे यांच्यातली रेघ देणाऱ्याच्या मनातच असते, बाहेरून दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात.

इंग्रजीत 19व्या शतकात ब्लॅकमेलचा अर्थ सरकला. गुरांची जागा अब्रूने घेतली. धमकीचे पत्र पाठवायचे, गुपित फोडण्याची भीती घालायची आणि पैसे काढायचे. भारतीय दंड संहितेत 1860 मध्ये खंडणीच्या कलम 383 खाली दिलेले पहिलेच उदाहरण अब्रूचे आहे : पैसे दे, नाहीतर तुझी बदनामी करणारा मजकूर छापतो. ‘इजा’ या शब्दाच्या व्याख्येत शरीर आणि मालमत्ता यांच्या जोडीला मन आणि नावलौकिकही त्या कायद्याने घेतला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 मध्ये ते उदाहरण तसेच आहे, आणि इलेक्ट्रॉनिक साधनावरून मुलाच्या जिवाची धमकी पाठवण्याचे नवे उदाहरण जोडले आहे. शिक्षा कमाल तीन वर्षांवरून सात वर्षांवर गेली. कायद्याचे शब्द चांगले आहेत.

पण अब्रूवर चालणाऱ्या खंडणीला गुपित लागते, आणि गुपिते तयार करण्यात कायदा आणि समाज यांचा मोठा हात असतो. इंग्लंडमध्ये 1885 साली पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांवर जे कलम आले त्याला लोक ‘ब्लॅकमेलरची सनद’ म्हणू लागले. ते तिथे 1967 पर्यंत टिकले. आपल्याकडे दंड संहितेचे कलम 377 होते. त्याच संहितेत कलम 388 आणि 389 मध्ये, 377च्या आरोपाची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली होती. कायदा करणाऱ्यांना म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते की हे कलम खंडणीखोराच्या हाती शस्त्र देणार आहे. शिक्षा कितीही कडक असो, तक्रार करायला जाणाऱ्याला चौकीत शिरताना स्वतःचाच गुन्हा सांगावा लागणार होता. कोण जाईल? 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध 377मधून बाहेर काढले. त्या निकालाचे मोल समानतेच्या दृष्टीने सांगितले जाते, आणि ते योग्यच. माझ्या दृष्टीने आणखी एक गोष्ट घडली. लाखो माणसांच्या डोक्यावरचे एक दुसरे भाडे कायद्यापुरते तरी माफ झाले. घरात आणि गल्लीत ते अजून वसूल होते.

मुलींच्या फोटोंबद्दल हेच लागू आहे. धमकी देणाऱ्याच्या हाती शस्त्र असते ते फोटोचे नाही. फोटो घरच्यांनी पाहिल्यावर घरचे तिच्याशी कसे वागतील, या भीतीचे असते. ही भीती आपण पुरवतो. ज्या घरात मुलीला खात्री आहे की बाबा आधी तिला जवळ घेतील आणि मग सायबर गुन्ह्यांच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करतील, त्या घरातून खंडणीखोराला फार काही मिळत नाही. ज्या घरात तिचा फोन काढून घेतला जाईल, कॉलेज बंद होईल, लग्न उरकले जाईल, तिथे तो वर्षभर पैसे घेऊ शकतो. पोलिसांनी अशी तक्रार घेताना ‘फोटो काढू कशाला दिलेत’ हे विचारणेच थांबवले पाहिजे. त्या प्रश्नाने तपासाला कणभरही मदत होत नाही.

आता देणाऱ्याला गुन्हेगार धरण्याचा मुद्दा. 1601चा तो विचार मेलेला नाही. झारखंडमध्ये कोळशाच्या वाहतुकीतल्या एका व्यावसायिकावर, सशस्त्र गटाला खंडणी दिली म्हणून दहशतवादाला अर्थपुरवठा केल्याचा खटला भरला गेला. 2021 मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने खंडणीची रक्कम देणे म्हणजे दहशतवादाला अर्थपुरवठा करणे ठरत नाही, असे म्हटले. हे वाक्य जंगलातल्या प्रत्येक कंत्राटदाराइतकेच, ज्यांच्यावर दोन्हीकडून बंदुका रोखलेल्या असतात अशा साध्या माणसांच्याही कामाचे आहे. एका बाजूला न दिल्याबद्दल गोळी आणि दुसऱ्या बाजूला दिल्याबद्दल तुरुंग, अशी जागा कायद्याने कुणासाठीही तयार करू नये.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये दुरुस्ती होऊन लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. ज्याला द्यायला भाग पाडले गेले त्याला सूट आहे. मात्र त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू मला समजतो. कंत्राटासाठी लाच देणारी मोठी कंपनी आणि नाइलाजाने पैसे सरकवणारा गरीब यांच्यात फरक करायचा होता. पण सात दिवस कुणाला पुरतात? ज्याच्याकडे वकील आहे त्याला. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईंचा विचार करा. त्यांच्याकडून पैसे घेणारा शासकीय माणूस आठवड्याला येतो. या वसुलीचे नावच हप्ता, म्हणजे सात दिवस. एका वसुलीची मुदत संपते तोवर पुढची दारात उभी असते. तक्रार केली तर त्याच रस्त्यावर, त्याच माणसाच्या नजरेखाली उद्या पुन्हा बसायचे असते. या बाईंना कायद्याने आठव्या दिवशी आरोपी होण्याची टांगती भीती दाखवणे म्हणजे त्यांचे तोंड बंद करणे, आणि घेणाऱ्यासाठी तेच सर्वांत सोयीचे.

हप्त्याच्या मुळाशी पुन्हा तेच आहे जे सरहद्दीवरच्या शेतकऱ्याच्या बाबतीत होते. त्या बाई दुसरे भाडे देतात, कारण त्यांना पहिले भाडे देण्याची परवानगीच नाही. महापालिकेची पावती मागितली तरी मिळत नाही, परवाना नाही, म्हणून बसणेच बेकायदा. आणि बेकायदा बसणाऱ्याला कुणीही उठवू शकतो, तर कुणीही पैसे मागू शकतो. 2014चा पथविक्रेता कायदा नेमका यासाठी झाला. आधी सर्वेक्षण करा, विक्री प्रमाणपत्रे द्या, तोवर कुणालाही उठवू नका, आणि प्रमाणपत्राप्रमाणे बसणाऱ्याला पोलिसांनीही त्रास देऊ नये, असे त्यात लिहिले आहे. प्रमाणपत्र हातात असलेली बाई हप्ता मागणाऱ्याला पावती दाखवू शकते. तिच्या बाजूने बोलायला कागद असतो.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. लाच द्यायला भाग पाडले गेलेल्या माणसासाठीची सात दिवसांची मुदत काढून टाकावी. त्याने कधीही पुढे येऊन सांगितले तरी तो साक्षीदार मानला जावा. खंडणी दिल्याचे सांगणाऱ्यावर, दिली एवढ्याच कारणाने, कुठल्याही विशेष कायद्याखाली गुन्हा नोंदवू नये. महिला आणि मुलांच्या बाबतीत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ओळख न देता तक्रार करण्याची जी सोय आहे, ती अब्रूची भीती घालून पैसे उकळण्याच्या प्रत्येक प्रकाराला मिळावी, तक्रारदार पुरुष असला तरी. आणि प्रत्येक महापालिकेने किती पथविक्रेत्यांची पाहणी झाली, किती प्रमाणपत्रे दिली आणि किती अर्ज अडकून पडले आहेत याचे प्रभागवार आकडे दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर सभागृहात मांडावेत.